शंभर मीटरला अर्धा युनिट

मे महिना लागला की आमच्या सदाशिव पेठेतल्या बिल्डिंगीतली निम्मी बिऱ्हाडं गावाला जायच्या तयारीला लागतात. कोणाचं दापोली, कोणाचं गुहागर, कोणाचं राजापूरच्या आत कुठेतरी. ज्या घरात विजेची गाडी आली आहे तिथे निघायच्या आधी आठवडाभर एकच चर्चा चालते: ताम्हिणी चढून परत येईल ना? जाताना उतार आहे, त्यामुळे काळजी नसते. परतीच्या घाटाचं नाव काढलं की घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, त्यापेक्षा डिझेलची गाडी भाड्याने घ्या. अशी भाड्याची गाडी आम्हीही एकदा केली होती आणि आपली स्वतःची गाडी आठ दिवस पार्किंगमध्ये धूळ खात ठेवली होती. त्यानंतर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब तुम्हालाही करता यावा म्हणून हा लेख.

आधी माप. बॅटरीची क्षमता किलोवॅट-अवरमध्ये सांगतात, पण एक किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या लाइटबिलावरचा एक युनिट. गाडीत ४५ किलोवॅट-अवरची बॅटरी आहे याचा अर्थ टाकीत ४५ युनिट मावतात, एवढाच. विक्रेत्याने सांगितलेले किलोमीटर विसरा. ते चाचणीतले असतात आणि त्या चाचणीत तुमचं कुटुंब, एसी आणि ताम्हिणी यांपैकी काहीच नसतं. त्याऐवजी गाडीच्या पडद्यावर एका युनिटला किती किलोमीटर पडतात ते महिनाभर बघा. मध्यम आकाराची एसयूव्ही ७०-८०च्या वेगाने चालवली तर साधारण ६ ते ७ किलोमीटर देते. मी ६.५ धरतो.

आता घाट. चार माणसं आणि सामान धरून गाडी दोन टनांची समजा. २,००० किलो वजन १०० मीटर वर न्यायला सुमारे साडेएकोणीस लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे दर १०० मीटर चढाला अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. मोटरमधला तोटा धरून ०.६ म्हणा. शाळेत शिकलेलं वस्तुमान, गुरुत्व आणि उंची यांच्या गुणाकाराचं सूत्र इथे जसंच्या तसं कामाला येतं. हा चढाचा खर्च सपाटीच्या खर्चात मिळवायचा, की झाला घाटाचा हिशेब.

माणगाव ते पुणे करून पाहू. निजामपूर, ताम्हिणी, मुळशी, पौड, चांदणी चौक असा हा रस्ता ११० किलोमीटरच्या आसपास आहे. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. वाटेत रस्ता वरखाली होतो, म्हणून चढ ७०० मीटर धरू. ११० भागिले ६.५ म्हणजे १७ युनिट. चढाचे ४.२. मे महिन्यात तीन तास एसी चालला तर त्याचे आणखी ३. बेरीज २४. तुमची गाडी ४५ युनिटची असेल तर माणगावला ७५ टक्के असताना निघून घरी पोचेपर्यंत २० टक्क्यांच्या वर शिल्लक राहील. जुनी ३० युनिटची गाडी असेल तर मात्र माणगावला जवळजवळ पूर्ण भरूनच निघायला हवं. धाकधूक करायची ती एवढ्याच कारणासाठी.

या बेरजेत घाटाचा वाटा किती ते पुन्हा बघा. चोवीसातले चार. आपण ज्याला इतकं भितो तो घाट एकूण खर्चाच्या सहाव्या हिश्श्याएवढा आहे.

आणि आंबे? परतताना डिकीत पाच पेट्या असतात, कोकमं असतात, एखादा फणस असतो. धरा १०० किलो. हे १०० किलो कोकणातून पुण्याच्या उंचीवर आणायला लागते वीज ०.१५ युनिट. म्हणजे सपाटीवरचा जेमतेम एक किलोमीटर. तेव्हा आंब्यांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. फक्त दोन गोष्टी पाळा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरमधल्या हवेचे दोन आकडे असतात, एक कमी वजनाचा आणि एक भरलेल्या गाडीचा. निघताना दुसरा आकडा पाहून हवा भरा. आणि गाडीच्या पुस्तिकेत एकूण वजनाची मर्यादा दिलेली असते, ती ओलांडू नका. विजेच्या गाड्या मुळातच जड असतात, त्यामुळे ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते.

घातक आहे ते टपावरचं कॅरियर. त्यावर ताडपत्रीत बांधलेल्या बॅगा म्हणजे वाऱ्यापुढे उभी केलेली भिंत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०वरून १००वर गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो, आणि टपावर ओझं असेल तर मूळचा विरोधही मोठा असतो. सातारा रस्त्यावर कॅरियर लावून १००ने जाणाऱ्या गाडीला मी युनिटमागे पाच किलोमीटरही धरणार नाही. सामान आत मावत नसेल तर एक बॅग आधी पार्सलने गावाला पाठवा. ते जमलं नाही तर निदान ७५च्या वर जाऊ नका. ताम्हिणीत तसंही वळणांमुळे वेग कमी राहतो, म्हणून तिथे गाडी अनेकदा अपेक्षेपेक्षा चांगली चालते. कोल्हापूरकडच्या मोकळ्या महामार्गावर ती अपेक्षेपेक्षा वाईट चालते. रस्ता सपाट आणि रुंद दिसला की बॅटरी जास्त टिकेल असं वाटणं स्वाभाविक आहे, पण होतं उलट.

महाबळेश्वरला भरलेली बॅटरी

उताराची एक गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून ती सविस्तर सांगतो.

विजेची गाडी उतरताना मोटर उलट काम करते. चाकं तिला फिरवतात आणि ती वीज बनवून बॅटरीत परत भरते. ब्रेकचे पॅड फारसे झिजत नाहीत, गाडी आपोआप आवरते. पण ही वीज जाणार कुठे? बॅटरीत जागा असेल तरच. ती शंभर टक्के भरलेली असेल तर मोटरचा हा ब्रेक जवळजवळ लागतच नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. सपाटीवर हे जाणवतही नाही. आंबेनळी घाटात जाणवतं.

महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास, तर पोलादपूर जवळजवळ पायथ्याशी. मधलं अंतर चाळीसेक किलोमीटर. हॉटेलात रात्रभर चार्जिंग करून, शंभर टक्के झाल्याच्या समाधानात तुम्ही सकाळी निघालात, तर पहिली काही वळणं गाडी हाताखालून निसटल्यासारखी वाटते. रोज एका पायाने, नुसता अॅक्सिलरेटर सोडून गाडी थांबवायची सवय झालेली असते आणि नेमकी तीच इथे दगा देते. त्यामुळे डोंगरमाथ्यावरून निघताना ८५ टक्क्यांवर थांबा. बहुतेक गाड्यांत चार्जिंगची मर्यादा ठरवून ठेवता येते. पोलादपूरला पोचेपर्यंत तीन-चार युनिट परत मिळालेले दिसतील. पसरणीच्या घाटाने वाईकडे उतरणार असाल तरी हेच.

जायच्या बाजूचा हिशेबही देतो. पुणे ते महाबळेश्वर १२० किलोमीटर, म्हणजे साडेअठरा युनिट. उंचीतला फरक ७९० मीटर, शिवाय खंबाटकीचा मधला चढ, मिळून साडेपाच. एसी धरून सव्वीस-सत्तावीस. परतताना उताराचा फायदा होतो आणि सोळा-सतरात काम होतं. ४५ युनिटची गाडी भरून निघालात तर हॉटेलात प्लग मिळाला नाही तरी रडकुंडीला यायचं कारण नाही, वाई किंवा महामार्गावर अर्धा तास थांबलात की झालं.

पेठेतला प्लग, कोकणातला प्लग

लांबच्या प्रवासाची सुरुवात आदल्या रात्रीच्या चार्जिंगपासून होते, आणि पेठेत खरी अडचण तिथेच आहे. चिमण्या गणपतीपासून भिकारदास मारुतीपर्यंत कितीतरी इमारती अशा आहेत की गाडी रस्त्यावर आणि मीटर जिन्याखाली. फुटपाथवरून वायर टाकून चार्जिंग करू नका. कोणी अडखळून पडलं, पावसात वायर सोलली गेली, तर जिवाशी गाठ आहे. खाली पार्किंग असेल तर स्वतःच्या मीटरवरून स्वतंत्र जाड वायर ओढून घ्या, वेगळा एमसीबी आणि गळती पकडणारा आरसीसीबी बसवा आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. वाडा पाडून तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतींत अर्थिंगची वायर अनेकदा नावापुरती असते. घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांत मुभा दिली आहे. सोसायटीशी बोलताना तो कागद जवळ ठेवा. महावितरणकडून चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मिळते. पण आधी शेजाऱ्यांशी चहा घेऊन बोला, त्यानेच काम लवकर होतं.

१६ अँपिअरच्या साध्या प्लगवर तासाला तीन युनिट भरतात, म्हणजे रिकामी ४५ची गाडी भरायला पंधरा तास. सकाळी सहाला निघायचं असेल तर आदल्या दिवशी दुपारीच गाडी लावा. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. तो कोमट चालेल, चटका बसत असेल तर लगेच बंद करा. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नको.

हीच परीक्षा कोकणातल्या घरगुती निवासाची घ्या, आणि खोली ठरवतानाच घ्या. फोनवर "चार्जिंग होईल का?" असं विचारलंत की "होईल की" असं उत्तर येतं, कारण त्यांना मोबाइल वाटतो. त्याऐवजी विचारा: "काका, गाडी उभी राहते तिथपासून दहा-पंधरा फुटांवर एसीचा मोठा प्लग आहे का? त्याला अर्थिंग आहे का?" अर्थिंग नसेल तर गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवून बसतो आणि एक युनिटही घेत नाही. पैशांचंही तेव्हाच बोला. बॅटरीत ३० युनिट भरायला मीटरवर ३३-३४ पडतात, तेवढ्याचे पैसे द्या आणि वर थोडे जास्त द्या. ते घर चालवणाऱ्या काकूंच्या बिलात तुमची एक रात्र ठळक दिसते. रात्री अकरानंतर लावा, तेव्हा गावातला विजेचा दाब जरा बरा असतो.

रस्त्यावरच्या जलद चार्जरबद्दल थोडक्यात. ८० टक्क्यांपर्यंत गाडी झपाट्याने भरते, पुढचे २० टक्के रांगत जातात. रांगेत दुसरी गाडी असेल तर ८०ला गन काढणं हा साधा शिष्टाचारही आहे. एका यंत्राला दोन गन असतील तर दुसरी गाडी लागताच तुमचा वेग निम्मा होऊ शकतो. ॲपमध्ये चार्जर हिरवा दिसतो म्हणजे तो चालू आहे असं नाही. आम्ही एकदा असाच हिरवा ठिपका बघून गेलो, तर जागेवर वीजच नव्हती आणि जवळचा दुसरा चार्जर २५ किलोमीटरवर. तेव्हापासून मी पहिल्या चार्जरवर पोचताना दुसऱ्यापर्यंत जाण्याइतके युनिट शिल्लक ठेवतो. त्यासाठी २० टक्के पुरतात. ताम्हिणीत मुळशीच्या पुढे फोनची रेंज बराच वेळ नसते. तेव्हा नकाशा आणि ॲपमधली जागा पौडलाच उघडून ठेवा.

टोलचंही. राज्याच्या २०२५च्या विद्युत वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांवर टोलमाफी दिली आहे. खेड-शिवापूर आणि आनेवाडी हे राष्ट्रीय महामार्गावरचे नाके आहेत, तिथे ही सवलत गृहीत धरू नका. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा.

इंजिन सोबत न्यायचं का?

आता तो प्रश्न, जो हल्ली दर रविवारी कोणीतरी विचारतं. विजेच्या गाडीतच छोटं पेट्रोल इंजिन बसवलेली, म्हणजे रेंज एक्स्टेंडर असलेली एसयूव्ही येईपर्यंत थांबावं का?

कल्पना जुनी आणि सोपी आहे. चाकं फिरवते फक्त विजेची मोटर. इंजिन चाकांना जोडलेलंच नसतं, ते जनरेटर फिरवतं. आपलं डिझेल रेल्वे इंजिन असंच चालतं, फरक इतकाच की त्यात मोठी बॅटरी नसते. मोटारींत २०१०च्या डिसेंबरात अमेरिकेत शेव्हर्ले व्होल्ट आली, २०१३ला बीएमडब्ल्यू आय३ आली, तिच्या एका प्रकारात स्कूटरच्या जातीचं ६४७ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन होतं. चीनमध्ये ली ऑटोने २०१९पासून मोठ्या कौटुंबिक एसयूव्ही याच पद्धतीवर विकल्या. अमेरिकेत रॅम आणि स्काउट यांनी पिकअप ट्रकसाठी हाच मार्ग जाहीर केला, त्यामागे कारण ट्रेलरचं आहे. तिकडे माणसं बोट, घोडे, अख्खं फिरतं घर गाडीमागे जोडून शेकडो मैल जातात. मागे उंच ट्रेलर लागला की नुसत्या विजेच्या ट्रकची रेंज निम्म्यावर येते, आणि ट्रेलर सोडल्याशिवाय बहुतेक चार्जरपाशी उभंही राहता येत नाही. त्यांची अडचण खरी आहे. आपली ती नाही.

भारतात या पद्धतीच्या जवळ जाते ती २०२२ साली आलेली होंडा सिटीची हायब्रिड. शहरात तिचं इंजिन बहुतेक वेळ वीज बनवतं आणि मोटर चाकं फिरवते. पण तिची बॅटरी छोटी आहे आणि प्लगला लावता येत नाही. त्यामुळे तिला विजेची गाडी म्हणता येणार नाही.

अशी गाडी तुम्ही परदेशात भाड्याने घेतलीत, किंवा पुढेमागे इथे विकत घेतलीत, तर एकच गोष्ट लक्षात ठेवा: जनरेटर घाटाच्या आधी चालू करायचा, घाटात नाही. छोटं इंजिन सपाटीच्या सरासरी खर्चापुरतं असतं. चढाला लागणारी जादा ताकद बॅटरीनेच द्यायची असते. अमेरिकेतल्या आय३मध्ये बॅटरी सहाएक टक्क्यांवर आल्यावरच इंजिन सुरू होई. लांब चढावर ते पुरं पडेना, भर महामार्गावर गाडीचा वेग पडू लागला आणि २०१६ साली मालक कोर्टात गेले. युरोपातल्या त्याच गाडीत चालकाला इंजिन खूप आधी सुरू करून बॅटरी राखता येत होती. व्होल्टमध्ये तर डोंगरासाठी वेगळा मोड होता, तो चढ येण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी निवडायचा. आपल्याला हे परकं नाही. बोरघाट चढायच्या रेल्वेगाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं कर्जतला लागतात, खंडाळ्याला नाहीत.

माझं मत विचाराल तर, वर्षातून चार वेळा कोकण आणि एकदा महाबळेश्वर एवढाच लांबचा प्रवास असेल तर थांबू नका. वर्षातले ३५० दिवस इंजिन, त्याचं ऑइल, टाकी, सायलेन्सर सोबत वाहायचं आणि त्याची सर्व्हिसिंग करत राहायची, ती कशासाठी? ज्यांचं काम मेळघाटात किंवा गडचिरोलीत आहे, ज्यांना यंत्रं मागे जोडून न्यावी लागतात, त्यांना अशा गाडीची गरज आहे आणि त्यांनी जरूर वाट पाहावी.

ओढू नका, उचला

मागे ट्रेलर लावायचा विचार असेल तर आधी गाडीची पुस्तिका उघडा. ओढता येणारं वजन तिथे लिहिलेलं नसेल, किंवा ओढू नये असं लिहिलं असेल, तर बाजारातून हूक बसवून घेऊ नका. वॉरंटी आणि विमा दोन्ही अडचणीत येतात. ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी लागते.

पण आपल्यावर वेळ येते ती ओढण्याची नाही, ओढून नेलं जाण्याची. विजेची गाडी बंद पडली तर दोर बांधून ओढू नका. चालणारी, म्हणजे मोटरला जोडलेली चाकं रस्त्यावर फिरत राहिली की मोटर आतल्या आत वीज बनवते, आणि ती यंत्रणेला जाळू शकते. फोनवर "क्रेन पाठवा" असं म्हणू नका. "फ्लॅटबेड पाठवा, चारही चाकं वर हवीत" असं म्हणा, आणि गाडी विजेची आहे हे दोनदा सांगा. नेक्सॉन, कर्व्ह, विंडसर या गाड्यांची पुढची चाकं चालतात. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांची मागची. पुढून उचलून मागची चाकं घासत नेणारी क्रेन पहिल्या प्रकाराला एकवेळ चालेल, दुसऱ्याला मुळीच नाही. वाहतूक पोलिसांच्या क्रेनने गाडी अशी उचलून नेऊ नये म्हणून पेठेत सम-विषम तारखेची पाटी पाहूनच गाडी लावा, विशेषतः प्रवासाहून रात्री बाराच्या आसपास परत येता तेव्हा, कारण तारीख तेव्हाच बदलते.

फ्लॅटबेड बोलावण्याआधी एक तपासून घ्या. या गाड्यांतही साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी डोळे उघडत नाही. पुस्तिकेतल्या रीतीने जंप-स्टार्ट केलं की बहुधा चालू होते.

हर्णैच्या किंवा गुहागरच्या वाळूत गाडी नेऊ नका. दर सुट्टीत तिथे कोणाची तरी एसयूव्ही रुतते, भरती चढू लागते आणि मग ट्रॅक्टरवाल्याची शोधाशोध. विजेची गाडी जड, ती आणखी खोल रुतते. बॅटरीचं आवरण पाण्यापासून राखलेलं असतं हे खरं, पण खाऱ्या पाण्यात उभं राहण्यासाठी ते केलेलं नाही. रुतलीच तर पुढच्या ओढकडीला पट्टा लावून, गिअर न्यूट्रल ठेवून, माणसाच्या चालीने काही मीटर, घट्ट जमिनीपर्यंत. पुढे मुळीच नाही. पावसाळ्यात चिपळूण, महाडला मुक्काम असेल तर नदीकाठच्या तळघरात गाडी ठेवू नका. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात किती चढलं होतं ते तिथे कोणालाही विचारा. चाकं बुडून गेलेली गाडी वरून कोरडी दिसली तरी तपासणीशिवाय चार्जिंगला लावू नका.

घरी पोचलात की झोपायच्या आधी पडद्यावरचे तीन आकडे वहीत लिहून ठेवा: किती किलोमीटर, किती युनिट, एसी चालू होता का. त्यापुढे रस्त्याचं नाव लिहा. आमच्या वहीत माणगाव ते टिळक रस्ता आता सहा वेळा आहे. सगळ्यात कमी २१ युनिट, सगळ्यात जास्त २६, आणि २६चा तो दिवस कॅरियर लावलेला होता.